नोट वाचायची कशी: खुणा, आकृत्या आणि रेघांचा अर्थ

कोल्हापुरात रोखीचा व्यवहार अजून जोरात चालतो. शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे, लक्ष्मीपुरीतली धान्याची दुकाने, गुजरीतली सोन्याची खरेदी, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या भाविकांनी भरलेला महाद्वार रोड, सगळीकडे क्यूआर कोडचे फलक लागले तरी गल्ल्यात नोटा असतातच. मी पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर बसतो, त्यामुळे दिवसभर हातात नोटाच. लोक येतात, एखादी नोट पुढे करतात आणि म्हणतात, "दादा, ही खरी आहे का बघा की." मी विचारतो, तुम्ही काय बघितलं? उत्तर बहुतेक वेळा एकच येते: "तार आहे त्यात."

तार असणे पुरेसे नाही. बनावट नोटेतही चकचकीत पट्टी चिकटवलेली किंवा छापलेली असते. नोटेवर डझनभराहून जास्त खुणा आहेत आणि त्या मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे ओळखायच्या ठेवल्या आहेत. काही बोटाला कळतात, काही उजेडात, काही नोट कलवल्यावर, काही भिंगाखाली. एक खूण नक्कल करता येते, चार वेगळ्या जातीच्या खुणा एकाच कागदावर नीट उतरवणे फार अवघड. म्हणून नोट बघायचीही एक रीत ठरवून घ्यावी. खाली मी तीच रीत पायरीने देतो आणि जाता जाता प्रत्येक चिन्हाचा अर्थही सांगतो.

समोर एक ५०० ची नोट ठेवा, जमल्यास २००, १०० आणि २० ची पण. खिडकीजवळ बसा. एक साधे भिंग असेल तर उत्तम. मी जे सांगतोय ते २०१६ च्या नोव्हेंबरपासून आलेल्या महात्मा गांधी नव्या मालिकेतल्या नोटांबद्दल आहे. १९९६ पासूनच्या जुन्या मालिकेचा उल्लेख लागेल तिथे करीन.

पायरी १: आधी बोट, मग डोळा

नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो. म्हणून खिशात राहून धुतली गेलेली नोटही सहसा तुकडे होऊन बाहेर येत नाही आणि कोरी नोट हातात करकरते. साधा कागद कितीही जाड घेतला तरी तो आवाज आणि तो ताठपणा देत नाही. नोटा मोजणाऱ्या माणसाचा अंगठा वेगळ्या कागदावर आपोआप अडतो, ते यामुळेच.

आता १००, २०० किंवा ५०० ची नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून बोटाचे टोक हलके फिरवा. मग उजवीकडच्या अशोकस्तंभावरून. खरखर लागेल. ही छपाई कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून प्रचंड दाब देऊन करतात. कोरलेल्या खाचेतली शाई कागदावर उठून बसते. साध्या प्रिंटरवर काढलेली नोट तिथे गुळगुळीत लागते.

यापुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि डोळस माणसे त्याच्याकडे बघतही नाहीत. नोटेच्या डाव्या आणि उजव्या कडेला तिरक्या रेघा आहेत. त्या नक्षी नाहीत. दिसत नसलेल्या माणसाला किंमत कळावी म्हणून त्या उठावाने छापल्या आहेत. १०० च्या नोटेवर अशा चार रेघा, दोन-दोनच्या दोन गटांत. २०० वर चारच रेघा, पण मध्ये दोन छोटी वर्तुळे. ५०० वर पाच रेघा, दोन, एक, दोन अशा तीन गटांत. चलनातून मागे घेतलेल्या २००० च्या नोटेवर सात होत्या. डोळे मिटा, नोट दोन्ही हातांनी धरा आणि अंगठ्याने कड चाचपा. कोरी नोट असेल तर पहिल्याच दिवशी १०० आणि ५०० मधला फरक कळेल.

याच्या जोडीला उजव्या बाजूला एक उठावाची आकृती असते. १०० वर त्रिकोण, २०० वर एच हे इंग्रजी अक्षर, ५०० वर वर्तुळ. भिंग लावलेत तर त्या आकृतीत बारीक अक्षरांत नोटेची किंमत लिहिलेली दिसेल. जुन्या मालिकेत ही पद्धत आणखी खालपर्यंत होती: २० वर उभा आयत, ५० वर चौरस, १०० वर त्रिकोण, ५०० वर वर्तुळ, १००० वर चौकटच्या पत्त्यावर असतो तसा आकार. नव्या ५०, २० आणि १० च्या नोटांवर अशी उठावाची खूण ठेवलेली नाही. मला हे खटकते. रस्त्यावर बसून अगरबत्त्या, फुगे, लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या दृष्टिहीन माणसाच्या हातात दिवसभर याच नोटा येतात.

मग ते काय करतात? लांबी मोजतात. नोटांची लांबी अशी आहे: १० ची १२३ मिलिमीटर, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. रुंदी १० आणि २० ला ६३, बाकी सगळ्यांना ६६. आमच्याकडे येणारे एक दृष्टिहीन विक्रेते नोट दोन बोटांच्या मध्ये घालून तिचे टोक तळहातावर कुठपर्यंत येते ते बघतात. २०० आणि ५०० मध्ये फक्त ४ मिलिमीटरचा फरक, तो ते ओळखतात. पण नोट मळली, मऊ पडली, कडा झिजल्या की त्यांनाही थांबावे लागते. त्यांच्या घरच्यांसाठी सांगतो: रिझर्व्ह बँकेचे 'मणी' नावाचे मोफत ॲप २०२० पासून आहे. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते किंमत बोलून दाखवते आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवा की ते फक्त किंमत सांगते, नोट खरी की खोटी ते सांगत नाही.

आणि एक: खूप वापरलेल्या नोटेवरचा उठाव झिजून जातो. जुन्या मऊ नोटेला खरखर लागत नाही म्हणून ती लगेच खोटी ठरवू नका. पुढच्या पायऱ्यांवर जा.

पायरी २: उजेडासमोर धरा

नोटेच्या समोरच्या बाजूला एक कोरी जागा असते. ती रिकामी नाही. उजेडासमोर धरली की तिथे गांधीजींचा चेहरा उमटतो आणि शेजारी नोटेची किंमत आकड्यात चमकते. हे पाणचिन्ह. ते छापलेले नसते. कागद बनतानाच तिथे लगद्याची जाडी कमी-जास्त केलेली असते, म्हणून चेहऱ्यावरच्या छटा हळूहळू बदलतात, कुठेही कडक रेघ दिसत नाही. बनावट नोटेत हाच चेहरा फिकट शाईने किंवा तेलकट रंगाने छापतात. तो टेबलावर ठेवल्या ठेवल्या दिसतो, आणि त्याच्या कडा ठसठशीत असतात. उजेडाशिवाय दिसणारे पाणचिन्ह संशयाचे.

त्याच उजेडात डावीकडे बघा. किंमतीचा आकडा तुटक-तुटक छापलेला दिसेल, जणू अर्धाच. उरलेला अर्धा मागच्या बाजूला आहे. उजेडात दोन्ही अर्धे जुळून पूर्ण ५०० दिसतो. दोन्ही बाजूंची छपाई केसभरही न सरकता बसवावी लागते, म्हणून बनावट नोटेत हे तुकडे एकमेकांवर चढतात किंवा मध्ये फट राहते. माझ्या मते घरबसल्या करता येणाऱ्या तपासण्यांत ही सगळ्यात भरवशाची आहे, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

आता ती तार. टेबलावर ती तुकड्या-तुकड्यांत दिसते, शिलाईच्या टाक्यासारखी वर येते आणि आत जाते. उजेडासमोर मात्र ती सलग एक रेघ दिसली पाहिजे, कारण मधले तुकडे कागदाच्या पोटात आहेत. वरून चिकटवलेली पट्टी उजेडातही तुटकच राहते, आणि नखाने तिची कड उचलली जाते. तारेवर 'भारत' आणि रिझर्व्ह बँकेची इंग्रजी आद्याक्षरे लिहिलेली असतात.

पायरी ३: कलवा

नोट तशीच धरून पुढे-मागे कलवा. १००, २०० आणि ५०० च्या नोटांवर तारेचा रंग हिरव्याचा निळा होतो. २०० आणि ५०० वर उजवीकडे खाली रुपयाच्या चिन्हासह छापलेली मोठी किंमतही अशीच हिरव्याची निळी होते. १०० वर हा रंग बदलणारा आकडा नाही. त्यामुळे १०० चा आकडा रंग बदलत नाही म्हणून कुणी वाद घालत असेल तर त्याला हे सांगा.

मग नोट डोळ्यांच्या पातळीला आडवी धरा, साधारण ४५ अंशांत. डाव्या बाजूच्या पट्ट्यात किंमतीचा आकडा लपलेला आहे, तो त्या कोनातून वर येतो. उठावाच्या रेघा एका दिशेने आडव्या, आकड्यातल्या उभ्या, एवढीच त्याची युक्ती. झेरॉक्स मशीन नोटेकडे सरळ वरून बघते, त्यामुळे तिला हा आकडा पकडता येत नाही.

इथे दोन अफवा मोडून काढतो, कारण दोन्ही अजून मोबाइलवर फिरतात. पहिली: ५०० च्या नोटेवरची हिरवी तार गव्हर्नरच्या सहीजवळ असेल तरच नोट खरी, गांधीजींजवळ असेल तर खोटी. हे साफ चूक. तारेची जागा थोडी पुढे-मागे असते आणि दोन्ही प्रकारच्या नोटा खऱ्या आहेत, असे सरकारी खुलाशातही सांगितलेले आहे. दुसरी: नव्या नोटेत माग काढणारी चिप आहे. ही २०१६ ची अफवा. नोटेत चिप वगैरे काही नाही.

पायरी ४: भिंग आणि जांभळा दिवा

भिंगाखाली गांधीजींच्या चित्राच्या आसपास बघा. जी साधी रेघ वाटत होती ती अक्षरांची ओळ निघते: 'भारत', 'इंडिया', काही नोटांवर किंमत आणि रिझर्व्ह बँकेची आद्याक्षरेसुद्धा. खऱ्या नोटेवर ही अक्षरे वाचता येतात. प्रिंटरवरच्या नोटेवर तिथे रंगीत ठिपक्यांचा गोंधळ दिसतो.

अनेक दुकानांत जांभळा दिवा असतो. त्याच्याखाली नोटेचा क्रमांक चमकतो, कागदात विखुरलेले बारीक रंगीत तंतू दिसतात आणि तार मागच्या बाजूने पिवळी उजळते. कागद मात्र मंदच राहतो. साधा बाजारी कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा भक्क दिसतो, कारण तो पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घातलेली असतात. पण गंमत अशी की कपड्यांच्या पावडरीतही तशीच रसायने असतात. शर्टाच्या खिशात राहून धुतलेली खरी नोटही दिव्याखाली उजळते. दिव्याने संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

पायरी ५: क्रमांक वाचा

क्रमांक दोन ठिकाणी असतो, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. पहिली तीन अक्षरे-आकडे सारख्या उंचीची असतात, पुढचे सहा आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. सगळे एकाच उंचीचे असतील तर ती नव्या मालिकेतली खरी नोट नाही. दोन्ही जागचे क्रमांक एकच आहेत ना, तेही बघा. एकाच गड्डीत एकच क्रमांक दोन नोटांवर आला तर दोन्ही बाजूला काढा.

क्रमांकाच्या मध्ये चांदणी दिसली की पुष्कळ लोक घाबरतात. चांदणीचा अर्थ साधा आहे. शंभर नोटांच्या गड्डीत छापताना एखादी नोट खराब निघाली तर तिच्या जागी दुसरी घालतात, आणि ती बदली नोट आहे हे कळावे म्हणून चांदणी छापतात. २००६ मध्ये १०, २० आणि ५० पासून हे सुरू झाले, पुढे मोठ्या नोटांवरही आले. २०२३ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने पुन्हा स्पष्ट केले की चांदणीची नोट इतर कुठल्याही नोटेइतकीच चालते. नाकारू नका.

७८६ ची नोट, सलग आकड्यांची नोट, जुनी ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट 'लाखाला जाते' असे सांगणारे फोन आणि जाहिराती येत असतात. आधी 'नोंदणी शुल्क' किंवा 'कर' भरा म्हणतात आणि तिथेच फसवणूक होते. रिझर्व्ह बँक जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी कुणाकडूनही शुल्क घेत नाही, हे तिने २०२१ मध्ये जाहीर सांगितले आहे.

मागच्या बाजूला डावीकडे छपाईचे वर्ष असते. हे २००५ पासून छापायला लागले. नोट मागे वळवून वर्ष नसेल तर ती २००५ च्या आधीची, एवढे लगेच कळते. नव्या मालिकेच्या नोटेवर २०१६ च्या आधीचे वर्ष असेल तर ती नक्की बनावट.

पायरी ६: सही, वचन, वाघ आणि सिंह

आता अर्थाकडे वळू. गांधीजींच्या चित्राच्या उजवीकडे हिंदी आणि इंग्रजीत वचन लिहिले आहे: धारकाला एवढे रुपये अदा करण्याचे वचन मी देतो. खाली गव्हर्नरची सही. वर केंद्र सरकारची हमी. म्हणजे नोट हा कायद्याने चालणारा वायदा आहे. गव्हर्नर बदलला की सही बदलते, म्हणून एकाच किमतीच्या नोटांवर वेगवेगळ्या सह्या दिसतात. त्यात शंकेचे काही नाही. पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख, १९४३ ते १९४९. त्यांच्या सहीच्या नोटा संग्राहक जपून ठेवतात.

एक रुपयाची नोट मात्र वेगळी. ती रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढते. तिच्यावर वचन नाही आणि सही अर्थ सचिवांची असते. लग्नात अहेराच्या पाकिटाला लावलेली नवी एक रुपयाची नोट हाती आली तर नक्की वाचून बघा.

सहीजवळचा गोल शिक्का रिझर्व्ह बँकेचा. त्यात वाघ आणि ताडाचे झाड. बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या मोहरेवरचा सिंह आणि ताड नमुना म्हणून घेतला होता. सिंहाऐवजी वाघ भारताला जास्त शोभेल म्हणून वाघ आला.

सिंह आहेत ते उजवीकडे, अशोकस्तंभावर. सारनाथचे हे शीर्ष २६ जानेवारी १९५० ला राष्ट्रचिन्ह झाले. सिंह चार आहेत, पाठीला पाठ लावून उभे, म्हणून चित्रात तीनच दिसतात. पायथ्याच्या पट्टीवर मध्ये चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. खाली 'सत्यमेव जयते', मुंडक उपनिषदातले. स्वातंत्र्यानंतर नोटेवरच्या इंग्रज राजाच्या जागी कुणाला घ्यायचे यावर विचार झाला तेव्हा गांधीजींच्या चित्राचे नमुनेही तयार झाले होते, पण निवड अशोकस्तंभाची झाली. गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, आणि त्यांच्यामागे होता आपल्या वर्ध्याचा सेवाग्राम आश्रम. आजचा हसरा चेहरा १९४६ च्या एका छायाचित्रातून घेतला आहे. ते चित्र काढलेले नाही, खऱ्या फोटोतला तेवढा भाग वेगळा केला आहे.

रुपयाचे चिन्ह तसे नवे. डी. उदयकुमार यांनी केलेली ही रचना १५ जुलै २०१० ला मान्य झाली. त्याआधीच्या नोटांवर ते नसणारच.

पायरी ७: मागची बाजू

मागे डावीकडे भाषांचा उभा पट्टा आहे. १५ भाषांत किंमत लिहिलेली, इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. मराठी वरून आठवी, म्हणजे बरोबर मधोमध. ५०० वर तिथे 'पाचशे रुपये' वाचता येईल. निपाणी-संकेश्वरकडून येणाऱ्या व्यापाऱ्याला आपली कन्नड चौथ्या ओळीत सापडते. हिंदी आणि इंग्रजी या पट्ट्यात नाहीत, कारण त्या समोर आहेत. बनावट नोटेत या पट्ट्यातली अक्षरे फुटलेली किंवा मात्रा गायब झालेली असतात. निदान आठवी ओळ तरी आपण मराठी माणसांनी नीट वाचावी. तिथेच बँकेचे नावही वाचा. 'मनोरंजन बँक' किंवा 'चिल्ड्रन बँक' असे छापलेल्या खेळण्यातल्या नोटा गर्दीत, संध्याकाळच्या उजेडात खपवल्या जातात.

त्याच बाजूला खाली गांधीजींचा चष्मा दिसतो. एका काचेत 'स्वच्छ', दुसरीत 'भारत'. स्वच्छ भारत अभियानाचे हे बोधचिन्ह २०१४ मध्ये खुल्या स्पर्धेतून निवडले गेले, आणि ते केले कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी. नव्या मालिकेच्या प्रत्येक नोटेवर, दहापासून पाचशेपर्यंत, हा चष्मा आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ज्याच्या खिशात नोट आहे त्याच्या खिशात कोल्हापूरच्या माणसाचे काम आहे. आपल्याच शहरात कित्येकांना हे ठाऊक नाही, म्हणून मी काउंटरवर येणाऱ्या शाळकरी मुलांना हे हमखास दाखवतो.

मोठे चित्र कशाचे, हे मुलांकडून पाठ करून घेण्यासारखे आहे. चॉकलेटी १० वर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक. हिरवट पिवळ्या २० वर वेरूळची लेणी. निळ्या ५० वर हंपीचा दगडी रथ. फिकट जांभळ्या १०० वर गुजरातेत पाटणची राणी की वाव. पिवळ्या २०० वर सांचीचा स्तूप. राखी ५०० वर दिल्लीचा लाल किल्ला. ही सहाही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. २००० वर मंगळयान होते, ती नोट मे २०२३ मध्ये मागे घेतली गेली.

पायरी ८: फाटली, लिहिली किंवा खोटी निघाली तर

फाटक्या नोटेचा नियम क्षेत्रफळावर आहे. ५० आणि त्यावरच्या नोटेचा सगळ्यात मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काहीच नाही. २० आणि त्याखालच्या नोटेला निम्मे पैसे नाहीतच: निम्म्याहून जास्त तुकडा असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य. ५०० ची नोट १५ गुणिले ६.६, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. पट्टीने मोजा. ८० च्या आसपास तुकडा हातात असेल तर निर्धास्त बँकेत जा. खाते असलेच पाहिजे असे नाही. कमिशन कापून फाटक्या नोटा घेणाऱ्यांकडे जायचे काही कारण नाही.

पेनने आकडे लिहिलेली किंवा रंग लागलेली नोट कायद्याने चालते. दुकानदाराने ती नाकारू नये. राजकीय किंवा धार्मिक घोषणा लिहिलेल्या नोटेवर मात्र पैसे परत मागण्याचा हक्क जातो. व्यापाऱ्यांना हात जोडून विनंती: गड्डीची बेरीज कोऱ्या जागेत लिहू नका. ती जागा पाणचिन्हाची आहे, तिथे शाई पडली की दुसऱ्या पायरीची तपासणीच करता येत नाही. पिन मारू नका. आणि कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा सत्कार फेट्याने, फुलांनी करा. नोटांचे हार करू नका असे रिझर्व्ह बँकेनेही वारंवार सांगितले आहे, कारण त्या हारातल्या नोटा पिना, गोंद आणि दोऱ्यांनी फाटून परत आमच्याकडे येतात.

खोटी नोट हाती आली तर ती पुढे ढकलायची नाही. खोटी आहे हे माहीत असून चालवणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गंभीर गुन्हा आहे, जरी ती तुम्हाला दुसऱ्याने फसवून दिली असली तरी. नोट बँकेत द्या. बँक तिच्यावर बनावट असा शिक्का मारते, ती जप्त करते आणि तुम्हाला पावती देते. पावती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. पैसे परत मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा असतील तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर लगेच गुन्हा नोंदवायला लागतो. त्यामुळे मोठी रोकड घेताना, जमिनीच्या व्यवहारात असो की उसाच्या बिलाच्या पैशातून केलेल्या देण्यात, देणारा समोर उभा असतानाच पहिल्या तीन पायऱ्या करून घ्या. तो निघून गेल्यावर नोट कुणाची होती हे सिद्ध करणे फार कठीण जाते.